अर्जातला एक रकाना

२०२२ च्या पावसाळ्यात माझ्याकडे एका फॉर्मचं काम आलं. अमेरिकेतल्या छोट्या उद्योजकांना सरकारी कंत्राटांसाठी कागदपत्रं तयार करून देणारी एक सल्लागार कंपनी आमची ग्राहक आहे. तिचं सॉफ्टवेअर आम्ही पाचसहा जण पुण्यात बसून सांभाळतो. त्या फॉर्ममध्ये मालकाचा वंशगट विचारणारा एक रकाना होता आणि त्याखाली पाच पर्याय उघडत: कृष्णवर्णीय अमेरिकन, हिस्पॅनिक अमेरिकन, मूलनिवासी अमेरिकन, आशिया-पॅसिफिक अमेरिकन आणि शेवटी 'उपखंडीय आशियाई अमेरिकन'. यातला कुठलाही पर्याय निवडला की पुढच्या पानावरच्या एका प्रश्नाचं उत्तर आपोआप 'होय' होत असे. प्रश्न होता: अर्जदार सामाजिकदृष्ट्या वंचित आहे का?

शेवटच्या पर्यायात कोण कोण येतं ते उघडून पाहिलं, तर सात देश: भारत, पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका, भूतान, मालदीव, नेपाळ. माझ्या कॉलेजच्या व्हॉट्सॅप ग्रुपवरचे डझनभर जण आज न्यू जर्सी, टेक्सास नाहीतर व्हर्जिनियात आहेत. बहुतेकांचे आईवडील दोघंही नोकरदार, घर स्वतःचं, बारावीला क्लासची फी भरताना कोणाला कर्ज काढावं लागलं नव्हतं. यांच्यापैकी कोणी अमेरिकेचं नागरिकत्व घेऊन कंपनी काढली, की सरकारदरबारी तो वंचित. शेजारच्या टेस्टरला हे दाखवलं. तो हसला आणि म्हणाला, "चला, तिकडे तरी आपल्याला आरक्षण आहे." त्याच्या त्या 'आपल्याला'त कोण कोण येतं, हे मी विचारलं नाही.

आमच्या धंद्यात एखादी विचित्र ओळ दिसली तर ती लगेच पुसायची नसते. ती कोणी, कधी आणि कशासाठी लिहिली, हे आधी पाहायचं असतं. त्यासाठी 'गिट ब्लेम' नावाची एक आज्ञाच आहे. कायद्यासाठी अशी आज्ञा नाही, त्यामुळे वाचत बसावं लागलं. त्या वाचनातून हा लेख झाला.

*

सुरुवात वंशापासून होतच नाही, युद्धापासून होते. १९४२ साली अमेरिकेत रणगाडे, विमानं, गणवेश, डबाबंद अन्न यांची अफाट खरेदी सुरू झाली आणि ऑर्डरी मूठभर मोठ्या कंपन्यांकडे जाऊ लागल्या. छोटे कारखानदार कुरकुरले. काँग्रेसनं 'स्मॉलर वॉर प्लांट्स कॉर्पोरेशन' नावाचं महामंडळ काढलं आणि त्याला एक वेगळाच अधिकार दिला: सरकारी खात्याकडून कंत्राट महामंडळानंच स्वतःच्या नावावर घ्यायचं आणि मग ते छोट्या कारखान्यांना उपकंत्राट म्हणून वाटायचं. म्हणजे खातं निवांत, कारण त्याच्या दृष्टीनं ठेकेदार खुद्द सरकारच. कोरियन युद्धात ही युक्ती पुन्हा वापरली गेली. १९५३ साली 'स्मॉल बिझनेस अॅडमिनिस्ट्रेशन' ही छोट्या उद्योगांसाठीची कायमची संस्था झाली, तेव्हा तो अधिकार तिच्या कायद्यात आला. पुढे तो कलम ८(अ) म्हणून ओळखला जाऊ लागला. दीडेक दशक त्याकडे फारसं कोणी पाहिलंही नाही.

१९६५ साली लॉस एंजेलिसचा वॉट्स भाग पेटला, १९६७ साली न्यूअर्क आणि डेट्रॉइट. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी नेमलेल्या कर्नर आयोगाचा अहवाल १९६८ च्या आरंभी आला. वस्त्यांमध्ये नोकऱ्या नाहीत आणि दुकानांची मालकी बाहेरच्यांची, ही तक्रार सगळीकडून येत होती. नवा कायदा करायला वेळ लागतो. हाताशी काय आहे याचा शोध घेताना अधिकाऱ्यांना ते विसरलेलं कलम सापडलं. त्यात 'छोटा उद्योग' एवढंच म्हटलं होतं, वंशाचा उल्लेखही नव्हता. तरी १९६८ पासून ते मुख्यतः कृष्णवर्णीय आणि इतर अल्पसंख्य उद्योजकांसाठी वापरलं जाऊ लागलं. एका कामासाठी लिहिलेलं फंक्शन दुसऱ्याच कामाला जुंपावं तसं. ते चालतं, पण त्याचा मूळ हेतू काय होता हे पुढे कोणालाच नीट सांगता येत नाही.

निक्सन यांनी 'ब्लॅक कॅपिटॅलिझम'ची भाषा निवडणुकीतच केली होती. मार्च १९६९ मध्ये त्यांनी आदेश काढून वाणिज्य खात्यात अल्पसंख्य उद्योगांसाठी एक कार्यालय उघडलं. आजची 'मायनॉरिटी बिझनेस डेव्हलपमेंट एजन्सी' ती हीच. निक्सन यांना यात मतांचं गणित दिसत होतं, हे उघड आहे. तरी तेव्हा उघडलेलं ते दार पुढच्या अर्ध्या शतकात कोणालाच पूर्ण बंद करता आलं नाही.

*

दार उघडलं म्हणजे आत जाता येतं असं नाही. हे मला अमेरिकेच्या कायद्यातून कळण्याआधी मामामुळे माहीत होतं.

माझा मामा तालुक्याच्या ठिकाणी छोटी सरकारी कामं घेतो. गटार, शाळेची संरक्षक भिंत, स्मशानभूमीची शेड. त्याच्या तोंडून मी लहानपणापासून 'काम मिळत नाही' ही तक्रार फारशी ऐकलेली नाही. त्याची तक्रार असते ती अनामत अडकल्याची, बँक गॅरंटीसाठी मुदतठेव मोडता येत नसल्याची आणि बिल न निघाल्याची. मागच्या कामाची सुरक्षा ठेव सुटत नाही म्हणून पुढच्या टेंडरला पैसे नाहीत, आणि पुढचं टेंडर नाही म्हणून नोंदणीचा वर्ग वाढत नाही. वर्ग वाढत नाही म्हणून मोठं काम भरता येत नाही.

अमेरिकेत १९३५ सालच्या मिलर कायद्यानं हेच चक्र फेडरल बांधकामांना लावलं होतं. ठरावीक रकमेवरच्या प्रत्येक कामाला ठेकेदारानं दोन बाँड द्यायचे: एक काम पुरं करण्याचा, दुसरा मजूर आणि माल पुरवणाऱ्यांचे पैसे देण्याचा. हेतू रास्त होता. ठेकेदार पळाला तर सरकार आणि मजूर दोघंही उघड्यावर पडू नयेत. पण हे बाँड सरकार देत नाही, खासगी हमी कंपन्या देतात, आणि त्या तीन गोष्टी पाहतात: भांडवल, कुवत आणि चारित्र्य. कुवत म्हणजे याआधी एवढं मोठं काम केलंय का. चारित्र्य म्हणजे एजंट तुम्हाला ओळखतो का. बँकेनं ज्याच्या वस्तीला कर्ज दिलं नाही, ज्याला कामगार संघटनेनं आत घेतलं नाही, ज्याच्या वडिलांनी आयुष्यभर गिलाव्याची उपकंत्राटंच केली, त्याच्याकडे या तिन्ही गोष्टी कागदावर कुठून असणार? कायद्यात कुठेही 'काळ्यांना काम देऊ नका' असं लिहिलेलं नव्हतं. त्याची गरजच नव्हती.

अटलांटाच्या हर्मन रसेल यांचे वडील गिलावाच करायचे. रसेल यांनी शाळकरी वयात जमिनीचा तुकडा घेतला, त्यावर घर बांधलं, ते भाड्यानं दिलं, आणि पुढे देशातल्या सर्वांत मोठ्या कृष्णवर्णीय बांधकाम कंपन्यांपैकी एक उभी केली. त्यांच्या आठवणींत एक गंमत आहे. १९६० च्या दशकात शहराच्या व्यापारी मंडळाकडून त्यांना सभासद होण्याचं छापील पत्र आलं. कंपनी कृष्णवर्णीयाची आहे हे पत्र धाडणाऱ्याच्या लक्षातच आलं नव्हतं. रसेल यांनी वर्गणी भरली. पुढे ते त्याच मंडळाचे अध्यक्ष झाले. पण ते अपवाद होते, आणि शहरं अपवादांवर चालत नाहीत.

*

१९७३ साली अटलांटानं मेनार्ड जॅक्सन यांना महापौर निवडलं. वय ३५. दक्षिणेतल्या मोठ्या शहराचा पहिला कृष्णवर्णीय महापौर. शहराची निम्मी लोकसंख्या कृष्णवर्णीय होती आणि पालिकेच्या कंत्राटांत त्यांच्या कंपन्यांचा वाटा १ टक्काही नव्हता. तेव्हाच विमानतळाचं नवं टर्मिनल बांधायचं घाटत होतं. सुमारे ५० कोटी डॉलर्सचं काम, दक्षिणेत तोवर झालं नव्हतं एवढं मोठं. जॅक्सन यांनी अट घातली की कामाचा सुमारे चौथा हिस्सा अल्पसंख्य कंपन्यांकडे गेला पाहिजे.

शहरातले बँकर, बिल्डर, वर्तमानपत्रं, सगळे तुटून पडले. एवढ्या लायक कृष्णवर्णीय कंपन्या आहेतच कुठे, हा मुख्य मुद्दा. तो अगदी खोटाही नव्हता. विमानतळाची धावपट्टी एकट्यानं बांधू शकेल अशी कृष्णवर्णीय कंपनी अटलांटात खरोखरच नव्हती, कारण कोणी कधी त्यांना रस्त्याचंही मोठं काम दिलं नव्हतं. जॅक्सन यांनी त्यावर काढलेला तोडगा मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत चतुर गोष्ट वाटते. त्यांनी मोठ्या गोऱ्या कंपन्यांना सांगितलं की छोट्या कृष्णवर्णीय कंपनीला भागीदार म्हणून घ्या आणि संयुक्तपणे बोली लावा. यात बाँडचा प्रश्न सुटतो, कारण मोठ्याची पत छोट्याला वापरता येते. कुवतीचा प्रश्नही सुटतो, कारण काम संपल्यावर छोट्याच्या खात्यात 'विमानतळ बांधला' अशी नोंद राहते. पुढच्या वेळी एजंटपुढे ठेवायला त्याच्याकडे कागद असतो.

जॅक्सन यांनी काम वर्ष-दीड वर्ष रखडू दिलं, पण अट सोडली नाही. बँकांनाही त्यांनी सुनावलं: संचालक मंडळांत कृष्णवर्णीय आणि स्त्रिया नसतील, तर पालिकेच्या ठेवी दुसऱ्या शहरातल्या बँकेत जातील. एका बँकेच्या ठेवी खरोखर हलल्या, तेव्हा बाकीच्यांनी ऐकलं. सप्टेंबर १९८० मध्ये टर्मिनल सुरू झालं. पालिकेच्या कंत्राटांतला अल्पसंख्य कंपन्यांचा वाटा त्या काही वर्षांत एक टक्क्याखालून तिशीच्या पलीकडे गेला होता. आज त्या विमानतळाच्या नावात जॅक्सन यांचं नाव आहे.

संयुक्त भागीदारीत सगळंच सोनं नव्हतं. काही भागीदार नुसते नावाला होते, काहींना आत शिरूनही काम शिकू दिलं गेलं नाही. विमानतळाचा फायदा अटलांटाच्या आधीच बऱ्या स्थितीत असलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांनाच जास्त झाला, ही टीका तेव्हाही होती आणि ती मला पटते. पण कुठे अडतं याचं निदान जॅक्सन यांनी अचूक केलं होतं.

*

दरम्यान वॉशिंग्टनमध्ये बॉल्टिमोरचे खासदार पॅरेन मिचेल यांनी १९७७ साली ४ अब्ज डॉलर्सच्या सार्वजनिक बांधकाम कायद्यात एक दुरुस्ती घुसवली: १० टक्के रक्कम अल्पसंख्य उद्योगांसाठी. समितीपुढे सुनावणी नाही, लांबलचक चर्चा नाही, सभागृहातच मांडली आणि मंजूर करून घेतली. अल्पसंख्य म्हणजे कोण याची यादी त्यात होती: निग्रो, स्पॅनिशभाषक, ओरिएंटल, इंडियन, एस्किमो आणि अॅल्यूट. यातले 'इंडियन' म्हणजे आपण नव्हे, अमेरिकेचे मूलनिवासी. ही यादी लक्षात ठेवा. १९८० साली सर्वोच्च न्यायालयानं हा १० टक्क्यांचा नियम वैध ठरवला आणि देशभरच्या नगरपालिकांनी तसेच नियम करायला घेतले.

व्हर्जिनियाचं रिचमंड त्यातलंच एक. यादवी युद्धातली गुलामसमर्थक राज्यांची ही राजधानी. १९८३ मध्ये तिथली निम्मी लोकसंख्या कृष्णवर्णीय होती आणि आधीच्या पाच वर्षांत पालिकेच्या मुख्य कंत्राटांतला अल्पसंख्य कंपन्यांचा वाटा होता ०.६७ टक्के. पालिकेनं नियम केला की मुख्य ठेकेदारानं कामाच्या ३० टक्के रकमेची उपकंत्राटं अल्पसंख्य कंपन्यांना द्यावीत. व्याख्येसाठी त्यांनी मिचेल यांची यादी जशीच्या तशी उचलली. कॉपी-पेस्ट करताना आपण काय काय सोबत आणतो हे तपासायची सवय वकिलांनाही नसते असं दिसतं.

मग आला तुरुंगातल्या शौचालयांचा खटला. पालिकेला शहराच्या तुरुंगात स्टेनलेस स्टीलची शौचपात्रं बसवायची होती. ओहायोच्या जे. ए. क्रोसन कंपनीनं टेंडर भरलं, आणि तिच्याशिवाय कोणीच भरलं नाही. ३० टक्क्यांचा नियम पाळायचा तर भांडी एखाद्या अल्पसंख्य कंपनीमार्फत घ्यायला हवी होती. स्थानिक कॉन्टिनेंटल मेटल होज ही कंपनी तयार झाली. निकालपत्रातला पुढचा भाग मी तीनदा वाचला. कॉन्टिनेंटलनं दोन पुरवठादारांकडे दर मागितला. एकानं आधीच क्रोसनला थेट दर दिला होता, त्यानं कॉन्टिनेंटलला द्यायला नकार दिला. दुसरा म्हणाला, आधी तुमची पत तपासावी लागेल, त्याला किमान ३० दिवस लागतील. टेंडर उघडायला तेवढे दिवस उरले नव्हते. पुढे कॉन्टिनेंटलचा दर आला तो चढा आला. त्यामुळे आपला खर्च ७,६६३ डॉलर्सनी वाढतो असं क्रोसननं सांगितलं. पालिकेनं सूट नाकारली, फेरनिविदा काढायचं ठरवलं, आणि क्रोसन न्यायालयात गेली.

कॉन्टिनेंटलचं कुठे अडलं ते यात स्पष्ट दिसतं: ३० दिवसांची पतचौकशी आणि आधीच ओळखीच्या ग्राहकाला दर देऊन बसलेला पुरवठादार. पण खटला त्यावर चालला नाही. तो चालला यादीवर.

जानेवारी १९८९ मध्ये न्यायमूर्ती सँड्रा डे ओ'कॉनर यांनी बहुमताचा निकाल लिहिला. वंशाच्या आधारे वाटप करायचं तर त्या शहरात, त्या धंद्यात भेदभाव झाल्याचा नेमका पुरावा हवा. निम्मी लोकसंख्या विरुद्ध ०.६७ टक्के ही तुलना चालणार नाही, तुलना लायक कंपन्यांच्या संख्येशी करा. आणि रिचमंडमध्ये कधी एक तरी अॅल्यूट किंवा एस्किमो राहिल्याचा पुरावा आहे का? नव्हता. अलास्काजवळच्या बेटांवरचे लोक व्हर्जिनियाच्या नियमात आले होते ते केवळ कोणीतरी यादी उचलली म्हणून. थर्गुड मार्शल यांनी कडवं भिन्नमत लिहिलं. त्यांचं म्हणणं असं की गुलामगिरीसाठी लढलेल्या राज्यांची जुनी राजधानी स्वतःहून भेदभाव दुरुस्त करू पाहते, आणि न्यायालय तिला अडवतं. मार्शल बरोबर होते असं मला वाटतं. पण यादीच्या बाबतीत ओ'कॉनर यांच्या प्रश्नाला उत्तर नव्हतं, हेही खरं.

१९९५ साली हीच कसोटी केंद्र सरकारच्या कंत्राटांनाही लागू झाली. तिथे वाद होता कोलोरॅडोतल्या रस्त्याच्या कठड्यांचा. क्लिंटन यांनी भूमिका घेतली की ही व्यवस्था दुरुस्त करू, संपवणार नाही.

क्रोसननंतर एक नवाच धंदा जन्माला आला: विषमता-अभ्यास. सल्लागार कंपन्या शहराशहरांत जाऊन मोजू लागल्या की लायक कंपन्यांपैकी अल्पसंख्यांच्या किती आणि त्यांना मिळालेले डॉलर्स किती. दोन्हींचा भागाकार ८० टक्क्यांच्या खाली आला की विषमता लक्षणीय. भागाकार सोपा आहे, छेद अवघड आहे. लायक कोण? ज्याच्याकडे बाँड आहे तो? मग ज्याला बाँड नाकारला म्हणून त्यानं धंदाच बंद केला, तो छेदात नाही, आणि छेद लहान झाल्यानं विषमता कमी दिसते.

*

यादीकडे परत येतो, कारण माझा रकाना तिथेच आहे.

१९७८ साली कलम ८(अ) ला अखेर स्पष्ट कायद्याचा आधार मिळाला. कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक आणि मूलनिवासी सामाजिकदृष्ट्या वंचित मानले जातील असं त्यात आलं. लगोलग आशिया-पॅसिफिक गट जोडला गेला. भारतीय नव्हते.

१९६५ च्या कायद्यानं भारतीयांना अमेरिकेचं दार उघडलं होतं आणि आत गेले ते बहुतांशी डॉक्टर, इंजिनिअर, प्राध्यापक. आपण अल्पसंख्य म्हणवून घ्यायचं का, यावर १९७० च्या दशकात त्यांच्यातच वाद झाला. 'असोसिएशन ऑफ इंडियन्स इन अमेरिका' म्हणे, घ्यायचं. १९८० च्या जनगणनेत 'एशियन इंडियन' हा स्वतंत्र पर्याय आला तो अशाच प्रयत्नांतून. शिकागोच्या 'इंडिया लीग ऑफ अमेरिका'चा विरोध होता: ज्यांना खरी गरज आहे त्यांच्या ताटातलं घेतल्यासारखं दिसेल आणि लोक उलटतील. विरोध करणारे हरले. एका भारतीय संघटनेच्या अर्जावरून १९८२ साली स्मॉल बिझनेस अॅडमिनिस्ट्रेशननं भारतीयांना यादीत घेतलं. पुढे शेजारी देश आले आणि 'उपखंडीय' हे नाव पडलं. साधारण त्याच सुमारास न्यूयॉर्कच्या हसिदी ज्यूंचा अर्ज मात्र, गट धार्मिक आहे म्हणून, या संस्थेनं फेटाळला होता.

भारतीयांशी भेदभाव झालाच नाही असं म्हणायचा माझा हेतू नाही. १९२३ साली सर्वोच्च न्यायालयानं भगतसिंग थिंड यांना ते 'गोरे' नाहीत म्हणून नागरिकत्व नाकारलं होतं. १९८७ साली जर्सी सिटीत 'डॉटबस्टर्स' म्हणवणारी टोळकी कपाळावर कुंकू दिसेल त्याच्या मागे लागत होती. बँकेत उच्चारावरून फाइल मागे पडते हेही मी मित्रांकडून ऐकलंय. तरी डेट्रॉइटमध्ये तीन पिढ्या बाँडविना राहिलेला गिलावेवाला आणि आयआयटीतून शिष्यवृत्तीवर आलेला माणूस एकाच ड्रॉपडाउनच्या दोन ओळींवर बसले, आणि यंत्रणेला दोघं सारखे. आर्थिक मर्यादेची वेगळी चाळणी होती, पण नुकती कंपनी काढलेला इंजिनिअर तिच्यातून सहज पार व्हायचा. ८(अ) ची मुदत असते नऊ वर्षं. पुढच्या काळात सरकारी संगणकसेवांची मागणी वाढली तशा वॉशिंग्टनभोवतीच्या अनेक भारतीय कंपन्या या नऊ वर्षांत उभ्या राहिल्या. त्यांनी काम चांगलं केलं. संगणकसेवेच्या कामाला बांधकामासारखा बाँड सहसा लागत नाही, हाही त्यातला एक भाग.

यादीनं आणखी एक गोष्ट आणली: डमी. ५१ टक्के मालकी वंचिताची हवी म्हटल्यावर ५१ टक्के दाखवणारे निघणारच. ब्रॉन्क्सची वेडटेक कंपनी हे त्याचं गाजलेलं उदाहरण. पोर्टोरिकन वंशाचा संस्थापक, लष्कराला इंजिनं पुरवण्याचं ८(अ) कंत्राट, रेगन यांच्याकडून जाहीर कौतुक. प्रत्यक्षात यादीत टिकण्यासाठी कागदोपत्री फिरवलेले शेअर्स आणि राजकारण्यांना लाच. १९८६ मध्ये कंपनी बुडाली, १९८८ मध्ये खासदार मारियो बियाजी दोषी ठरले.

वेडटेकवर हसण्याचा अधिकार मला नाही. माझी डिग्री झाली त्या वर्षी मामा घरी आला होता. सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांसाठी सरकारी कामांत हिस्सा असतो, तर तू नोंदणी कर, असं म्हणाला. नाव तुझं, काम माझं. आई म्हणाली, मामानं आपल्यासाठी काय कमी केलंय. मला पुढच्याच महिन्यात नोकरी लागली आणि विषय मिटला. लागली नसती तर मी सही केली असती.

*

बाँड, नोटीस आणि बिल या तीन रटाळ गोष्टींवरही अमेरिकेत काम झालं, फक्त त्याच्या बातम्या झाल्या नाहीत. १९७० च्या दशकात सरकारनं छोट्या ठेकेदारांच्या बाँडला मागून हमी द्यायला सुरुवात केली, म्हणजे ठेकेदार बुडाला तर हमी कंपनीच्या नुकसानाचा मोठा भाग सरकारचा. १९८२ च्या कायद्यानं बिल वेळेत न दिल्यास सरकारी खात्याला व्याज लागू झालं. १९८५ मध्ये संरक्षण खात्यानं राज्याराज्यांत टेंडर कसं शोधायचं आणि कसं भरायचं हे फुकट शिकवणारी केंद्रं काढली. १९९० च्या दशकात खात्यांनी सोयीसाठी दहा छोट्या कामांचं एक मोठं काम करायला सुरुवात केली, तेव्हा ही मोट सोडवण्याचे नियम आले. यातल्या एकाही गोष्टीला कोणाची यादी लागत नाही, आणि म्हणून कोणी त्यांच्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलंही नाही. पण यादी नाही म्हणजे त्यांचा फायदा कोणाला होतो हेही कोणी सांगू शकत नाही. आधीच बरा असलेला गोरा छोटा ठेकेदारही त्याच रांगेत असतो, बहुधा पुढे.

भारतात हा विचार आला तो याच मार्गानं. जानेवारी २००२ मध्ये भोपाळला दिग्विजय सिंह सरकारनं दलित-आदिवासी विचारवंतांची परिषद भरवली. तिच्यामागे चंद्रभान प्रसाद होते, आणि अमेरिकी कंपन्यांचा आणि सरकारचा पुरवठादार-वैविध्याचा अनुभव तिथल्या मांडणीत ठळक होता. मध्य प्रदेशानं सरकारी खरेदीचा ३० टक्के हिस्सा दलित-आदिवासी पुरवठादारांकडून घ्यायचं ठरवलं. २००५ साली पुण्यात स्थापत्य अभियंता मिलिंद कांबळे यांनी दलित उद्योजकांची 'डिक्की' उभी केली. २०१२ च्या केंद्रीय खरेदी धोरणात सूक्ष्म आणि लघुउद्योगांसाठी २० टक्के, आणि त्यातून अनुसूचित जाती-जमातींच्या मालकीच्या उद्योगांसाठी एकूण खरेदीचे ४ टक्के राखले गेले. हे ४ टक्के अजून गाठता आलेले नाहीत. कारण विचारलं की अधिकारी सांगतात, पुरेसे लायक पुरवठादार नाहीत. अटलांटाच्या बँकरांनी १९७४ च्या सुमारास हेच सांगितलं होतं.

आणि अमेरिकेच्या यादीतला 'भारतीय' कोण, हे तिकडे कोणी विचारत नाही. तिथे जात हा रकानाच नाही. आयआयटीवाला देशस्थ आणि रमाबाईनगरातून निघून कसाबसा न्यू जर्सीला पोचलेला मुलगा दोघंही 'उपखंडीय'. हे बरोबर की चूक, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. दुसऱ्यासाठी तो रकाना असावा असं वाटतं, आणि तो असला की पहिलाही त्यातूनच आत येतो.

*

जुलै २०२३ मध्ये टेनेसीतल्या एका फेडरल न्यायाधीशानं आदेश दिला की गटावरून वंचित असल्याचं आपोआप गृहीत धरता येणार नाही. पुढच्या मार्चमध्ये टेक्सासच्या न्यायालयानं निक्सनकाळापासून चालत आलेल्या त्या एजन्सीलाही तेच सांगितलं. २०२५ च्या मार्चमध्ये नव्या सरकारनं ती एजन्सी कायद्यानं शक्य तेवढी आक्रसण्याचा आदेश काढला, आणि बायडेन यांनी वंचित उद्योगांसाठी १५ टक्क्यांपर्यंत न्यायला घेतलेलं उद्दिष्ट जुन्या ५ टक्क्यांवर आलं.

टेनेसीच्या आदेशानंतर आमच्याकडे बदलाची विनंती आली. वंशगट निवडला की आपोआप 'होय' होणं बंद. त्याऐवजी एक मोकळी चौकट: अर्जदारानं स्वतःच्या शब्दांत लिहावं की आपल्याशी भेदभाव कधी, कुठे, कोणी केला आणि त्यामुळे धंद्यात काय नुकसान झालं. पूर्वी हा निबंध फक्त यादीबाहेरच्यांना लिहावा लागे. आता सगळ्यांनाच.

चाचणीसाठी त्या चौकटीत काहीतरी मजकूर टाकावा लागतो. आम्ही एरवी निरर्थक अक्षरं टाकतो. मी मामाचं लिहिलं: अनामत, मुदतठेव, तीन वर्षं न निघालेलं बिल. लिहिता लिहिता लक्षात आलं की यात भेदभाव कोणी केला हे कुठेच येत नाहीये. ग्राहकाकडून निरोप आला होता की चौकटीची अक्षरमर्यादा तुम्हीच ठरवा. मामाचा मजकूर दोन हजारांच्या आतच बसला. मी मर्यादा आठ हजारांची ठेवली.